नियम पाळणारा हुशार की मोडणारा?

दवाखान्यात आजार घेऊन येणारे येतात, तसे प्रश्न घेऊन येणारेही येतात. त्यातला एक प्रश्न मी वरचेवर ऐकतो आणि गंमत म्हणजे तो दोन्ही बाजूंनी विचारला जातो. एक आई म्हणते, "डॉक्टर, आमचा मुलगा बाईंनी सांगितलं की त्यातलं अक्षर इकडचं तिकडं होऊ देत नाही. समास दोन बोटांचा म्हणजे दोनच बोटांचा. स्वतःचं डोकं चालवतच नाही. हुशारीत कमी तर नाही ना?" दुसरी म्हणते, "आमचा एक नियम पाळत नाही, पण डोकं फार चालतं म्हणतात सर. हुशार मुलं अशीच असतात ना हो?" मोठ्या माणसांच्या बाबतीत तर निकाल आधीच लागलेला असतो. कंपनीत जो गॉगल लावून, पाटी वाचून, ठरल्या पद्धतीने मशीन चालवतो तो 'सरळमार्गी', आणि पाठीमागे 'बावळट'. जो सेन्सर बंद करून तासाला पन्नास नग जास्त काढतो तो 'डोकेबाज'.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात गेली तीस वर्षे मी प्रॅक्टिस करतो. या समजुतीची किंमत येथे पुष्कळदा बोटांत मोजावी लागते. म्हणून आज हा विषय.

प्रथम मुलांचे पाहू. झाँ पियाजे नावाचे एक स्विस मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. मुलांच्या मनात नियम कसा तयार होतो हे शोधण्यासाठी ते मुलांबरोबर चक्क गोट्या खेळायला बसले. खेळताना विचारायचे, हा नियम कोणी केला? तो बदलता येईल का? त्यांचे यावरचे पुस्तक १९३२ मध्ये आले. त्यांना असे दिसले, की पाच-सहा वर्षांची मुले नियमाला देवाज्ञा मानतात. वडिलांनी किंवा देवानेच तो केला, तो बदलणे म्हणजे पाप! आणि हीच मुले प्रत्यक्ष खेळताना नियम सर्रास मोडत होती, त्यांच्या ते लक्षातही येत नव्हते. दहा-बारा वर्षांची मुले मात्र सांगत, की नियम आम्हीच मिळून केले आहेत, सगळ्यांना पटले तर बदलू. ही मुले नियम अधिक नीट पाळत होती. आपल्या गल्लीत गोट्यांची गल किती पावलांवर घ्यायची यावरून जी भांडणे होत, ती आठवली तर वाचकांना हे पटेल.

तेव्हा सात वर्षांचा मुलगा दोन बोटांच्या समासाला चिकटून बसला तर त्यात मंदपणा नाही आणि असामान्य बुद्धीही नाही. ती वयाची एक पायरी आहे. काळजी वेगळ्या ठिकाणी करावी. रोजचा रस्ता बदलला म्हणून मूल तासभर आक्रोश करत असेल, बोलणे उशिरा आले असेल, नजरेला नजर देत नसेल, इतर मुलांत मिसळत नसेल, तर ही स्वमग्नतेची लक्षणे असू शकतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मोठ्या माणसाने कुलूप पंधरा वेळा ओढून पाहणे, हात कातडी सोलेपर्यंत धुणे, हा ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात तो आजार आहे. त्या माणसाला स्वतःलाही ते पटत नसते, पण थांबवता येत नाही. याला चांगली औषधे आहेत. त्याचाही बुद्धीशी संबंध नाही.

मग बुद्धी म्हणजे काय, आणि नियम पाळणे कोणत्या खात्यात जमा करायचे?

बुद्धी मोजण्याच्या चाचण्या १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी सुरू केल्या. आपल्याकडे डॉ. कामत यांनी धारवाडला १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी त्यांचे रूपांतर केले. बिने-कामत चाचणी म्हणून ती पुढे सर्वत्र परिचित झाली. अशा चाचणीत शब्द, आकडे, स्मरण, साम्य-भेद, तर्क यांची पारख होते. मूल रांगेत उभे राहते का, गृहपाठ वेळेवर करते का, याला तेथे गुण नाहीत. नेटकेपणा, नियमितपणा, हाती घेतलेले तडीस नेणे हा मानसशास्त्रात स्वभावाचा भाग समजला जातो आणि तो वेगळा मोजतात. हजारो माणसांची दोन्ही मापे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्यांचा एकमेकांशी मेळ जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे हुशार आणि शिस्तीचा, हुशार आणि बेशिस्त, मंद आणि शिस्तीचा, मंद आणि बेशिस्त असे चारही प्रकार जगात भरपूर आहेत. आपल्या नातेवाइकांची यादी डोळ्यांसमोर आणा, चाचणीची गरज पडणार नाही!

मेंदूच्या आजारांनी हे आणखी स्पष्ट केले आहे. कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो, तो आपल्या वागण्याचा लगाम आहे असे समजा. अमेरिकेतील एका रुग्णाची हकीकत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. हिशेबाच्या कामात मुरलेला, घरदार सांभाळणारा गृहस्थ. या भागाजवळची गाठ शस्त्रक्रिया करून काढली. गाठ साधी होती, तो वाचला. नंतर बुद्धीच्या चाचण्या घेतल्या तर गुण उत्तम, सर्वसामान्यांपेक्षा बरेच वर. पण नोकरी टिकेना, भलत्या माणसाबरोबर धंदा करून दिवाळे निघाले, संसार मोडला. बुद्धी शाबूत होती, लगाम सुटला होता.

याची उलट बाजूही आहे. माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये अशाच रुग्णांना पत्ते लावायला दिले. आधी पत्ते रंगाप्रमाणे लावायचे. ते जमले, की परीक्षक न सांगता नियम बदलतो, आता आकाराप्रमाणे. आपण दोन-तीनदा 'चूक' ऐकले की ओळखतो, नियम बदलला. मेंदूचा पुढचा भाग दुखावलेले रुग्ण मात्र 'चूक, चूक' ऐकत जुन्याच नियमाने पत्ते लावत राहिले. एकाच भागाच्या बिघाडाने एक माणूस नियम सोडतो आणि दुसरा नियमाला चिकटतो. निरोगी डोके दोन्ही करते: नियम धरते, आणि परिस्थिती बदलली की सोडते.

येथे घरच्या मंडळींसाठी एक सूचना. आयुष्यभर सभ्यपणे वागलेले पन्नाशी-साठीचे काका एकाएकी चारचौघांत अचकट-विचकट बोलू लागले, दुकानातली वस्तू उचलू लागले, गोड खाण्याचा हव्यास धरू लागले, कोणी आजारी पडले तरी त्यांना काही वाटेनासे झाले, किंवा रोज त्याच मिनिटाला तीच गोष्ट करण्याचा हट्ट धरू लागले, तर 'म्हातारचळ' म्हणून हसू नका आणि 'या वयात असं वागता?' म्हणून भांडूही नका. मेंदूच्या पुढच्या भागाचा एक ऱ्हास असा सुरू होतो. त्यात स्मरणशक्ती सुरुवातीला चांगली असते, म्हणून कोणाला शंका येत नाही. न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे. आजार बरा करणारे औषध अजून नाही, पण निदान झाले तर निदान घरातले रागावणे थांबते आणि पैशाचे व्यवहार वेळीच दुसऱ्याच्या हाती देता येतात.

आता माझ्या रोजच्या कामातले. नियम अक्षरशः पाळणारा रुग्ण चांगला, असे सगळे समजतात. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हमखास दोन प्रकारचे रुग्ण येतात. एका मावशींनी रक्तदाबाची गोळी घेतलेलीच नसते. का? "तुम्हीच चिठ्ठीवर लिहिलंय, जेवणानंतर. काल उपास, जेवणच नाही, मग गोळी कशी घेणार?" दुसरे आजोबा मधुमेहाचे. त्यांनी उपास असूनही गोळी घेतली, कारण 'एक दिवसही चुकवायची नाही' हे त्यांनी पक्के धरलेले. दुपारी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. दोघेही आज्ञाधारक, दोघांचाही नियम चिठ्ठीवर लिहिलेला. रक्तदाबाची नेहमीची गोळी बहुधा रिकाम्या पोटीही चालते. 'जेवणानंतर' हे ती आठवणीने घेतली जावी म्हणून असते. मधुमेहाच्या काही गोळ्या मात्र इन्सुलिन वाढवतात. पोटात अन्न नसेल तर साखर धोकादायक खाली येते. एकाच 'जेवणानंतर'ची कारणे दोन. म्हणून माझ्या वाचकांनी चिठ्ठी हातात घेतल्यावर एवढे जरूर विचारावे: हे जेवणानंतर का, आणि उपास असेल त्या दिवशी काय करू? डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तर दुसरे डॉक्टर आहेत.

याचा अर्थ नियमित राहणे फुकट आहे असा नव्हे. अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांवर औषधांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे एक निरीक्षण १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना औषध म्हणून नुसत्या निष्क्रिय गोळ्या दिल्या होत्या. त्यांतल्या ज्यांनी त्या नेमाने घेतल्या, त्यांच्यापैकी ५ वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले. ज्यांनी टाळाटाळ केली, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के. गोळीत काहीच नव्हते! जो गोळी नेमाने घेतो तो बहुधा झोप, खाणे, तपासणी हेही नेमाने करतो, असा त्याचा अर्थ लावतात. बुद्धीपेक्षा वेगळे असे हे स्वतंत्र भांडवल आहे.

नियम हे कमी बुद्धीच्या लोकांसाठी असतात, हुशार माणसाला त्यांची गरज नसते, असेही एक मत ऐकू येते. १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगच्या एका नव्या बाँबर विमानाची चाचणी होती. चालवणारा वैमानिक अत्यंत अनुभवी. विमान उडाले, वर चढले आणि कोसळले. शेपटीचे पंख जमिनीवर असताना हलू नयेत म्हणून एक खटका लावलेला असतो, तो काढायचा राहिला होता. यानंतर वैमानिकांसाठी तपासणीची छापील यादी आली. ती वाचूनच विमान सुरू करायचे, वैमानिक कितीही पारंगत असला तरी. पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावरही अशी यादी आली. जागतिक आरोग्य संघटनेने ८ शहरांत, त्यात आपली दिल्लीही होती, ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष आले: शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. रुग्णाचे नाव काय, कोणती बाजू उघडायची, बोळे मोजले का, इतके साधे प्रश्न. विचारणारे सर्जन काही मंद नव्हते.

आता प्रेस शॉपमध्ये येऊ. आपल्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणारे लहान कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पॉवर प्रेस आहे. पत्रा डायवर ठेवायचा, वरून कित्येक टनांचा दाब येतो, नग तयार. हात डायमध्ये असताना दाब येऊ नये म्हणून दोन बटणे असतात, दोन हातांसाठी दोन. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस सुटतो. म्हणजे प्रेस खाली येताना दोन्ही हात आपोआप बाहेर. साधी आणि सुंदर युक्ती आहे. तिच्यावर उपाय शोधायलाही डोके लागते, आणि ते या पट्ट्यात कमी नाही. एक बटण रबराच्या पट्टीने किंवा पाचर मारून कायमचे दाबून ठेवायचे, एका हाताने पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्याने बटण मारायचे. तासाचे नग वाढतात. सुपरवायझर पाहतो आणि मान वळवतो. ही जुगाड इतकी जगभर झाली, की नव्या प्रेसमध्ये दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली आणि प्रत्येक वेळी सोडली तरच स्ट्रोक मिळतो अशी सोय करावी लागली. जुन्या मशीनमध्ये ती नाही.

हे करणारा मुलगा मूर्ख असतो का? मुळीच नाही. बीड, लातूर, विदर्भ, बिहार, ओडिशा येथून तो आलेला, ठेकेदाराकडे लागलेला. नग कमी पडले तर उद्या गेटवरून परत पाठवतील हे त्याला पक्के माहीत आहे. बोट जाईल ही शक्यता. रोजंदारी जाईल ही खात्री. त्याने हिशेब बरोबर केला आहे, आकडे त्याला दुसऱ्याने दिले आहेत. माझ्याकडे ड्रेसिंगला आलेल्या अशा एका मुलाला मी विचारले, दोन बटणं कशासाठी असतात हे कोणी सांगितलं होतं का? तो म्हणाला, "नाही साहेब. एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून असेल असं वाटलं." त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे तर्क लावला होता. कारणच सांगितले नाही, तर हुशार माणूस स्वतः कारण तयार करतो, आणि ते चुकीचे असू शकते.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. काही वेळा कामगाराने सगळे नियम पाळलेले असतात आणि तरी बोट जाते. जुन्या पद्धतीच्या क्लचचा प्रेस एकदा सुटला की फेरी पूर्ण करूनच थांबतो, मध्येच थांबवता येत नाही. क्लच किंवा ब्रेक झिजला असेल तर बटण न दाबताच तो पुन्हा खाली येतो. कामगार याला 'डबल स्ट्रोक' म्हणतात. अशा अपघातांच्या कागदावरही 'कामगाराचा हलगर्जीपणा' हेच शब्द मी वाचले आहेत. धोकादायक यंत्राला संरक्षक आवरण हवे, ते चालू स्थितीत ठेवावे, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिले होते. तो नियम कामगाराने नव्हे, मालकाने पाळायचा होता. शिस्तीची चर्चा करताना आपण नेहमी खालच्या माणसाकडेच बोट दाखवतो. ज्याची बोटे गेली त्याला तेही करता येत नाही.

उलट, सगळ्यांनी नियमपुस्तक अक्षरशः पाळले तर काय होते, हे कामगार चळवळीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. 'नियमानुसार काम' हे संपाच्या अलीकडचे हत्यार. कोणी काम बंद करत नाही. फक्त लिहिले आहे तेवढेच आणि तसेच करायचे. उत्पादन रखडते, गाड्यांना उशीर होतो, आणि व्यवस्थापन विनवणी करू लागते. रोजचा कारखाना नियमांवर चालतो आणि नियमांत न बसणाऱ्या हजार गोष्टी कामगार आपल्या अकलेने निभावतात म्हणूनही चालतो. मोठ्या कंपन्यांनी हे ओळखून क्वालिटी सर्कल, कायझेन, सूचना-पेटी अशा सोयी केल्या. ठरलेली पद्धत आज पाळायची. पटत नसेल तर कारण लिहून द्यायचे. बदल मान्य झाला की उद्यापासून नवी पद्धत. गोट्या खेळणारी बारा वर्षांची मुले हेच करत होती. लहान वर्कशॉपमध्ये ही सोय करायला पैसे लागत नाहीत. आठवड्यातून दहा मिनिटे ऐकून घेणारा मालक लागतो.

रस्त्यावरचे थोडक्यात. २००८ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. हेल्मेटने दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सक्ती कडक झाली तेव्हा विरोधात आवाज उठवणाऱ्यांत शिकलेली मंडळी होती. आज नाशिक महामार्गावर सकाळच्या शिफ्टच्या वेळी उभे राहा. हेल्मेट हँडलला लटकवलेले दिसेल, किंवा डोक्यावर असेल आणि पट्टा मोकळा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याआधी निघून जाते. पोलिसापुरता नियम पाळला गेला, डोक्यापुरता नाही.

शेवटी एक नियम, जो सगळ्यांना ठाऊक आहे आणि जवळजवळ सगळे चुकीचा पाळतात. 'तुटलेले बोट बर्फात ठेवा.' लोक प्रामाणिकपणे बोट थेट बर्फात खुपसून आणतात. बर्फाने त्याची त्वचा व बारीक रक्तवाहिन्या गोठून निकामी होतात आणि जोडता येण्यासारखे बोट वाया जाते. बोट थंड ठेवायचे आहे, गोठवायचे नाही, एवढे कारण माहीत असेल तर पुढचे आपोआप सुचते. तुकडा स्वच्छ पाण्याने हलका धुवा. सलाइनमध्ये, नसेल तर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये किंवा धुतलेल्या रुमालात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ही पिशवी बर्फ आणि पाणी घातलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. दूध, स्पिरिट, हळद काही नको. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरा, सुतळीने आवळू नका, त्या हातातली अंगठी लगेच काढा. भूल द्यावी लागेल म्हणून जखमीला चहासुद्धा देऊ नका. १०८ ला फोन करा. जेथे बोट जोडण्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात आधी फोन करून निघा, नाहीतर दोन दवाखाने फिरण्यात वेळ जातो. नीट थंड ठेवलेले बोट बारा तासांपर्यंतही जोडता येऊ शकते. उन्हात तसेच ठेवले तर सहा तासही हाती राहत नाहीत. पिशवीवर बोट तुटल्याची वेळ लिहून ठेवा.